'टॉमी' बसवताना : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

'टॉमी'मधला अर्ध्या तासाचा भाग बसवताय हे कळलं, आणि सोबत चार व्हायोलिनवाले घ्यायचं चाललंय हेही. घेऊ नका. कारण जरा सविस्तर लिहितो. फोनवर तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस.

'टॉमी' म्हणजे गाण्यांतून एकच गोष्ट सांगणारा रॉक ऑपेरा. हा दुहेरी अल्बम 'द हू' या इंग्रज रॉक बँडनं मे १९६९ मध्ये काढला. २४ तुकडे, सगळं मिळून साधारण ७५ मिनिटं. ध्वनिमुद्रण मुख्यतः लंडनच्या आयबीसी स्टुडिओत झालं, सप्टेंबर १९६८ ते मार्च १९६९. निर्माता किट लॅम्बर्ट हा कॉन्स्टंट लॅम्बर्ट या संगीतकाराचा मुलगा, म्हणजे शास्त्रीय संगीत घरातलंच. बँडचा गिटारवाला आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड याला हेन्री पर्सेल हा सतराव्या शतकातला इंग्रज संगीतकार ऐकायला लावला तो त्यानंच, आणि या कामाला वाद्यवृंद हवा हा आग्रहही त्याचाच. टाउनशेंड बधला नाही. गिटार, बास, ड्रम आधी. मग त्यावर आठ ट्रॅकच्या टेपवर जागा उरेल तसतसे पियानो, ऑर्गन, अकूस्टिक गिटार आणि आवाज. 'ओव्हर्चर'मध्ये जो फ्रेंच हॉर्न येतो तो बासवाल्या जॉन एन्टविसलनंच वाजवलाय. बाहेरचं कुणी नाही. खर्च भागवायला शनिवार-रविवारी कार्यक्रम करायचे आणि सोमवारी परत स्टुडिओत, असं ते महिनोन्महिने चाललं होतं.

या काटकसरीचं वळण आधीच पडलेलं. त्यांच्याच १९६६ च्या 'अ क्विक वन, व्हाइल ही'ज अवे' या नऊ मिनिटांच्या छोट्या ऑपेरात चेलो परवडत नव्हते, तर या पठ्ठ्यांनी 'चेलो, चेलो' असं तोंडानंच गाऊन घेतलं! तुमच्या मंडळींना आधी तेवढं ऐकव. व्हायोलिनचा विषय बहुधा तिथंच संपेल.

आता रचना. पुष्कळ सामान जुनं आहे. पोरगा जन्मल्याची घोषणा करणारी ओळ 'ग्लो गर्ल' या बाजूला पडलेल्या गाण्यातली. तिथं मुलगी होती, इथं मुलगा केला. 'स्पार्क्स' आणि 'अंडर्चर' यांचं मूळ त्यांच्याच १९६७ च्या 'राएल' या गाण्यामध्ये. 'आयसाइट टू द ब्लाइंड' तर सनी बॉय विल्यमसनचा ब्लूज. गोष्ट मागाहून घट्ट होत गेली, लॅम्बर्टनं मध्येच एक संहिता लिहून काढली, तरी भोकं राहिलीच. बेपत्ता समजलेला बाप परत येतो आणि बायकोच्या प्रियकराला मारतो. पोरगा, म्हणजे टॉमी, ते आरशात बघतो. 'तू काही पाहिलं नाहीस, ऐकलं नाहीस' असं त्याला दरडावलं जातं आणि तो बहिरा, मुका, आंधळा होतो. पण खून गाण्यात कुठंच सरळ सांगितलेला नाही. १९७५ च्या केन रसेलच्या सिनेमात तर उलट प्रियकरच बापाला मारतो, म्हणून निम्म्या लोकांच्या डोक्यात तीच गोष्ट असते. तुम्ही '१९२१' या गाण्याआधी निवेदनाची दोन वाक्यं टाका, नाहीतर प्रेक्षक शेवटपर्यंत चाचपडत राहील.

गोष्टीची ही ढिलाई झाकली जाते ती मोजक्या धुनांमुळे. 'ओव्हर्चर' ही खरी नांदी आहे: पुढं येणाऱ्या सुरावटी आधीच कानावरून जातात. 'सी मी, फील मी' ही टॉमीची आतली हाक. ती मधूनमधून येते आणि अखेरीस तिच्यामागोमाग 'लिसनिंग टू यू'ची चढती लाट येते. या दोन्ही एकत्र आधी भेटतात त्या 'गो टू द मिरर'मध्ये. म्हणून काटछाट करताना ते गाणं काढलंत तर शेवट लागूच पडणार नाही. ओळखीची धून परत आल्याचा आनंदच उरत नाही. माझी निवड अशी: 'ओव्हर्चर', 'इट्स अ बॉय', '१९२१', 'अमेझिंग जर्नी', 'स्पार्क्स', 'पिनबॉल विझार्ड', 'गो टू द मिरर', 'आय'म फ्री', 'वी'र नॉट गॉना टेक इट'. तीस-बत्तीस मिनिटांत बसतं. 'अंडर्चर' दहा मिनिटांचं आहे, सरळ गाळा. छळ करणाऱ्या चुलतभावाचं आणि काकाचं, ही दोन गाणी एन्टविसलनं लिहिली, कारण टाउनशेंडला तो विषय स्वतः लिहिणं झेपेना. अर्ध्या तासात त्यांना न्याय मिळणार नाही.

'पिनबॉल विझार्ड' अगदी उशिरा आलं. समीक्षक निक कोनला कच्चं मिश्रण ऐकवलं तर तो फारसा खूश नाही. तो पिनबॉल या यंत्रावरच्या गोळीच्या खेळाचा वेडा, म्हणून टॉमीला पिनबॉलचा बादशहा केला. एकल तबकडी मार्च १९६९ मध्ये निघाली आणि ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. गिटारवाल्याला सांग: गाण्याच्या ओळींत सातव्या, पाचव्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या फ्रेटवरचे बार कॉर्ड आहेत, म्हणजे बी, ए, जी, एफ शार्प. प्रत्येकात आधी गंधाराच्या जागी मध्यम, मग तो गंधारावर उतरवायचा. बी धरलास की तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला करंगळी टेकव आणि उचल, झालं. लोक चुकतात ते उजव्या हातात. कोपरातून जोर लावला की दुसऱ्या कडव्याला दंड भरून येतो आणि लय पुढं पळते. मनगट सैल ठेवून मारा, आणि सुरुवातीचा भाग अकूस्टिकवरच घ्या. इलेक्ट्रिक मागून आदळलं तरच दचकायला होतं. 'आय'म फ्री'ची गिटार मात्रेवर सुरू होत नाही. तिथं ड्रमरनं गिटारच्या मागं न जाता मनात मोजून यायचं.

आपल्याकडचा धागा ठाऊक असेलच. पुण्यात जन्मलेल्या आणि नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादेत आश्रम उभारलेल्या मेहेरबाबांचा टाउनशेंड अनुयायी. १० जुलै १९२५ पासून बाबा बोलले नाहीत. आधी अक्षरफळ्यावर बोटानं अक्षरं दाखवून, पुढं नुसत्या खुणांनी सांगायचे. ३१ जानेवारी १९६९ ला ते गेले, तेव्हा अल्बम पुरा व्हायचा होता. श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख 'अवतार' असा आहे, आणि मुखपृष्ठ काढणारा माइक मॅकइनर्नीही बाबांचाच भक्त. बोलणं-ऐकणं बंद झालेला, पण आत जागा असलेला नायक कुठून सुचला, हे निराळं सांगायला नको. मात्र टॉमी म्हणजे बाबा असं निवेदनात म्हणू नका. टॉमी गुरू होतो, शिबिर उघडतो, शिस्त लादतो आणि अनुयायी त्याच्यावर उलटतात; गुरुबाजीला लगावलेली ती चपराक आहे.

पुढं त्याचे सोहळे झाले: १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये द हूनंच वाजवलं, १९७२ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राची आवृत्ती आली, १९९३ च्या ब्रॉडवे प्रयोगाला पाच टोनी नाट्यपुरस्कार मिळाले. ऑर्केस्ट्राची आवृत्ती तालमीआधी मुद्दाम ऐका. स्वर सगळे जागेवर, पण धार बोथट. मग लीड्स विद्यापीठातला १४ फेब्रुवारी १९७० चा प्रयोग लावा. २००१ च्या विस्तारित संचात 'टॉमी'चा भाग आलाय. एक गिटार, एक बास, एक ड्रम, गाणारा रॉजर डाल्ट्री. किथ मूनचे ड्रम स्टुडिओत जरा पातळ उतरले होते, इथं ते भरून निघतात. तुमच्या ड्रमरनं हाच नमुना धरावा.

कळव काय ठरतंय ते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. जुनी तबकडी कुणाकडून आणणार असलास तर बाजूंचे आकडे बघ. बऱ्याच प्रतींत पहिल्या तबकडीवर १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३ अशा बाजू असतात. एकावर एक तबकड्या ठेवून आपोआप वाजवणाऱ्या यंत्रांसाठी ती सोय. सरळ उलटून लावलीस तर जन्मानंतर एकदम शिबिरच येईल. आणि आतली गाण्यांची पुस्तिका आहे ना, तेही पाहून घे.