‘छायाचित्र : सोशल मीडिया’ हे कुणाचं नाव आहे?

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या आठवड्यात मेव्हण्यानं व्हॉट्सॲपवर एका रिसॉर्टची जाहिरात पाठवली आणि खाली लिहिलं, "दाजी, हा फोटो तुमचाच ना?" माझाच होता. कासच्या पठारावर तेरडा फुललेला, सकाळी धुकं हटायची वाट बघत दोन तास गारठून काढलेला. उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात माझं नाव होतं, ते पुसलं आणि बरोब्बर त्याच जागी बुकिंगचा नंबर टाकला! फोन केला तर मॅनेजर म्हणतो, नेटवरनं घेतलाय, नेटवरचं फ्रीच असतं की.

बायको म्हणते नाव मधोमध मोठ्ठं टाका, पण मग लोकांनी फुलं बघायची का माझं नाव वाचायचं, आणि तसंही आता मोबाईलवर बोट फिरवलं की असलं नाव गायब होतं. फाईलच्या आत नाव-गाव भरून ठेवायची सोय असते, तीही व्हॉट्सॲपवरनं फोटो गेला की उडते.

मग छुपा वॉटरमार्क कळला. नोट उजेडात धरली की गांधीजी दिसतात ना, तसलंच काहीसं, फक्त इथं उजेडाऐवजी सॉफ्टवेअर लागतं. फोटोतल्या ठिपक्यांचा उजळपणा अगदी इतकुसा बदलतात, म्हणजे १४२ चा १४३, डोळ्याला काय कळणार, पण ती खूण सगळ्या फोटोभर पसरलेली असते म्हणून कोपरा कापून जात नाही, आणि नीट बसवली असेल तर फोटो दाबून बारीक केला तरी बऱ्याचदा टिकते. नवीन काही नाही हे, फोटोशॉपमध्ये १९९६ पासून अशी सोय आली होती. ऑस्करला मत देणाऱ्यांना सिनेमाच्या कॉप्या पाठवायचे त्यातही प्रत्येकाची खूण वेगळी असायची, २००४ मध्ये नेटवर फुटलेली कॉपी त्यावरनंच एका नटापर्यंत पोचली आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं त्याला काढून टाकलं.

अर्थात चोर काही थांबत नाही यानं, नंतर भांडायला पुरावा मिळतो एवढंच. आणि भांडायला कायदा आहे बरं का, कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ब कलम घातलंय, फोटोवरचं मालकाचं नाव जाणूनबुजून काढलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मॅनेजरला माहीत नव्हतं, खरं सांगायचं तर मलाही वकील मित्रानं सांगितलं तेव्हा कळलं.

पण रिसॉर्टवाल्याचं सोडा, पत्र लिहितोय ते तुमच्यासाठी. तुमच्यासकट सगळेच पेपर फोटोखाली बिनधास्त ‘छायाचित्र : सोशल मीडिया’ छापता, हा सोशल मीडिया ट्रायपॉड घेऊन कुठं उभा होता हो? ज्यानं फोटो पाठवला त्याला एक फोन करून विचारा, कुणी काढलाय. नाहीच कळलं तर ‘फोटो कुणाचा ते कळवावे’ असं छापा, दुसऱ्या दिवशी नाव द्या, चार इंच जागा जाहिरातीला मिळते तर एक ओळ आम्हालाही मिळू दे.

सोबत मूळ फोटो पाठवतोय, आवडला तर खुशाल छापा. नाव कोपऱ्यात आहे, तेवढं कापू नका.

तुमचा रोजचा वाचक,
सातारा