बाबांचा आवाज, आईचे कान

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा दोनच वाक्यं बोलले आणि ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे झाले. आईचं म्हणणं, वय झालं, आवाज बसणारच. अर्धं खरं आहे. वयाबरोबर गळ्यातले स्वरतंतू, ज्यांच्या कंपनातून आवाज निघतो, ते बारीक आणि सैल होतात, नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. पण म्हणून गप्प बसलात तर उरलासुरला आवाजही दुबळा होईल.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं घसा बघून घ्या. आवाज बसून महिना उलटलाय, यावर वाद नको.

शिकवून शिकवून माझा घसा बसला होता, तेव्हा व्हॉइस थेरपिस्टनी पहिल्याच दिवशी हातात काय दिलं असेल? स्ट्रॉ! मला हसूच आलं. बाबा, अर्धा पेला पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक बोटभर बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत फुंका. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ओठांपाशी गुदगुल्या होतात, गळ्याला मात्र ताण जाणवत नाही. मग तोच ‘ऊ’ खालून वर आणि वरून खाली सरकवायचा, न तोडता, घसरगुंडीसारखा. तोंडाशी अडलेल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो, ते एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. खांदे उचलून श्वास घेऊ नका, पोट फुगू दे.

आणि ते सारखं खाकरणं! त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. घसा दुखतो म्हणून कुजबुजत बोलू नका, हळू पण खुल्या आवाजात बोला.

आता आई, तुझ्याकडे येते. साध्या बोलण्यातही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला 100 हून जास्त वेळा एकमेकांना भिडतात, मग ओरडताना किती जोरात आपटत असतील! फोनवर गप्प होणारे बाबा घरात मात्र दिवसभर मान पुढे काढून ओरडतात, ते कोणासाठी? तू ‘काय?’ म्हणतेस म्हणून. रागावू नकोस, पण त्याच फेरीत तुझे कानही तपासून घे. मशीन लागलं तर लागलं. बाबांच्या घशाला त्याचा निम्मा आराम पडेल, असं आपलं माझं मत.

रविवारी फोन करीन, तेव्हा तो बाबांनीच उचलायचा. बोलायचं नसेल तर नुसते बुडबुडे ऐकवा.

तुमची,
धाकटी