'बायबल सांगते', पण कोणाच्या वाचनात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ आणि ईस्टरच्या सुमारास वर्तमानपत्रांत ख्रिस्ती धर्मावर येणारे लेख मी आवर्जून वाचते. त्यांत 'बायबल असे सांगते' हे वाक्य हमखास असते. हे वाचन कोणत्या परंपरेचे, तेही लेखकांनी लिहावे, अशी माझी विनंती आहे. आमच्या उपासनांमध्ये उपदेश करणाऱ्यांनाही हीच विनंती.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय घ्या. फिलिप्पै शहरात येशूचा संदेश सांगणाऱ्या पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकले आहे, पाय खोड्यात आहेत. मध्यरात्री भूकंप होतो, दारे उघडतात. कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा नायक तलवार उपसतो आणि जीव द्यायला निघतो. पौल त्याला हाक मारून थांबवतो. त्याच रात्री तो नायक त्या दोघांच्या जखमा धुतो आणि घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, घेतो. त्याने त्यांचे वळ धुतले आणि त्याची स्वतःची पापे धुतली गेली, असे चौथ्या शतकातला धर्मोपदेशक क्रिसोस्तम म्हणतो. त्या रात्री एवढे घडले, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

मतभेद सुरू होतात ते 'घरच्या सर्वांसह' म्हणजे कोण, इथून. घर म्हटले की लेकरेही आली, असे बालबाप्तिस्मा देणारे मानतात. कॅथलिक त्याला आदिपापाच्या, म्हणजे माणूस जन्मतःच पापाखाली असतो या शिकवणीची जोड देतात. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले थेट यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापर्यंत मागे जातात : तेव्हा आठव्या दिवशी सुंता होऊन बाळ देवाशी झालेल्या करारात येत असे, मग नव्या कराराच्या खुणेपासून त्याला दूर का ठेवायचे? ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर तान्ह्या बाळाला बाप्तिस्म्याबरोबर तैलाभिषेक आणि प्रभुभोजनही (भाकर व द्राक्षारसाचा विधी) मिळते. स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट मात्र पुढची-मागची वचने दाखवतात. घरातल्या सर्वांना आधी प्रभूचे वचन सांगितले गेले, आणि बाप्तिस्म्यानंतर घरच्यांसह आनंद झाला. ऐकून आनंदणारे म्हणजे समज आलेलेच, हा त्यांचा मुद्दा.

माझे मन बालबाप्तिस्म्याकडे आहे. पण त्या रात्रीच्या वृत्तान्तात एकाही बाळाचा उल्लेख नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केलेच पाहिजे. इतिहासही कुणा एकाच्या पारड्यात पूर्ण पडत नाही. इ. स. २०० च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तर्तुलियन मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला देतो. म्हणजे तेव्हा तो दिला जात होता. आदिपापाची शिकवण मांडणाऱ्या ऑगस्टिनचा बाप्तिस्मा मात्र आई ख्रिस्ती असूनही मोठेपणी, ३८७ मध्ये मिलानला झाला.

या वादाची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेल यांनी जॉर्ज ब्लाउरॉक यांना विश्वासाच्या कबुलीवर बाप्तिस्मा दिला. त्यांचे सहकारी फेलिक्स मांझ यांना याच कारणावरून दोन वर्षांनी लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. बुडवणारी सत्ताही बायबललाच प्रमाण मानणारी होती.

म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली, ती मला फार मोलाची वाटते. बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट एका चर्चमध्ये आले आणि दोन्ही पद्धती मान्य झाल्या. कुणी बाळाला बाप्तिस्मा देऊन पुढे त्याचे दृढीकरण करतात, म्हणजे मोठेपणी तो विश्वास स्वतः कबूल करतो, कुणी बाळाचे देवाला समर्पण करून बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या कबुलीवर सोडतात. प्रभुभोजनाला दोघे एकाच मेजाशी येतात.

असे असूनही आज कॉलेजातल्या मुलाला कुणी सांगते, 'तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे'. तो पुन्हा बाप्तिस्मा घेतो आणि जुनी मंडळी त्याच्याशी बोलणे टाकते. घरात आईवडील कानकोंडे होतात. दोन्ही बाजू 'शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे' असेच म्हणत असतात. कुठलाही अर्थ चालतो, असे मी म्हणत नाही. समोरच्याचे वाचन त्याच्याच तोंडून, त्याच्या वचनांसह ऐकून घ्यावे आणि मग खुशाल वाद घालावा.

आपण पुढच्या ईस्टरला एकच शास्त्रभाग निवडून कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सीएनआय आणि बॅप्टिस्ट अशा चौघांकडून त्यावर शेजारी शेजारी लिहून घ्यावे. हाच सोळावा अध्याय घेतला तरी चालेल.

आपली,
एक वाचक, नागपूर