गिनी पिगला मैदान नको, आडोसा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरात पाळायच्या छोट्या प्राण्यांवर अर्धं पान आलं होतं, त्यात गिनी पिगच्या वाट्याला एक फोटो आणि सहा ओळी आल्या. ओळींबद्दल फार तक्रार नाही पण फोटो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मायक्रोवेव्हएवढा पिंजरा, तळाला पण तारेची जाळी, आत एकटाच बसलेला गिनी पिग आणि त्याच्या व्यायामासाठी म्हणून एक गोल फिरतं चाक. आणि शेवटची ओळ काय, तर "रोज थोडा वेळ घरात मोकळं सोडावं". बस. कुठे सोडायचं, कसं सोडायचं, सोडल्यावर तो काय करणार, याचा पत्ताच नाही. हीच ओळ दुसरीकडे कुठेतरी वाचून आम्ही दोन वर्षांपूर्वी जो घोळ घातला तो आता तुमच्या वाचकांपैकी कोणीतरी घालणार, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्याकडे दोन माद्या आहेत, ठकी आणि ढमी, सख्ख्या बहिणी. त्या आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही मोठ्या हौसेनं हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवलं, सोफ्याखाली उशा कोंबल्या, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं तसलं घडीचं लोखंडी प्लेपेन (म्हणजे आत खेळायला सोडायचं कुंपण) आणून गोल उभं केलं, मध्ये चकचकीत फरशी आणि एक रबरी बॉल. दोघींना अलगद मधोमध ठेवलं आणि घरातले सगळे मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला बसलो. चाळीस मिनिटं झाली तरी दोघी कुंपणाच्या एका कडेला एकमेकींच्या पोटात डोकं खुपसून पुतळ्यासारख्या बसलेल्या. बॉलकडे ढुंकूनही बघितलं नाही, फक्त लेंड्या तेवढ्या पडत होत्या. पुढचे दोन-तीन आठवडे हेच, शेवटी घरात निकाल लागला की आपल्याला आळशी प्राणी मिळालेत.

आळशी आम्हीच होतो. एकदा खुर्चीवर टाकलेली चादर घसरून अर्धी कुंपणाच्या आत लोंबत होती, कोणी उचलली नाही, आणि ठकीनं एकदम धूम ठोकली ती थेट त्या चादरीखाली. मिनिटभरानं नाक बाहेर, मग आत, मग परत कोपऱ्यातल्या ढमीकडे पळत, परत चादरीखाली, आणि चौथ्या फेरीला मधल्या मोकळ्या जागेत तिनं चारही पाय हवेत घेऊन अशी काही वेडीवाकडी उडी मारली की आम्हाला वाटलं हिला झटका आला. नंतर कळलं की याला पॉपकॉर्निंग म्हणतात आणि गिनी पिग खूश असला की असाच उडतो. म्हणजे चाळीस चाळीस मिनिटं आम्ही ज्याची वाट बघत होतो ते एका न उचललेल्या चादरीनं करून दाखवलं.

नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अँडीज भागात हजारो वर्षांपूर्वी माणसानं पाळला, तोही खाण्यासाठी. त्याचे जंगली भाऊबंद उंच गवतात राहतात आणि गवतातून येऊन जाऊन बोगद्यासारख्या पायवाटा पाडतात, एका आडोशातून दुसऱ्यात असं त्यांचं जगणं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कारण झडप मागून, वरून कुठूनही पडू शकते. आपण ज्याला मोकळी हवा म्हणतो ती त्याच्या दृष्टीनं घारीच्या नजरेखालची जागा आहे. तिथे तो एकतर गोठून बसणार किंवा सैरावैरा पळणार, खेळणार नाही. खेळ सुरू होतो तो दोन लपायच्या जागांमधल्या अंतरात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्लेपेन करताना लोक सगळा जीव कुंपणात घालतात, तसं न करता आधी आडोसा आणि जमीन बघा, कुंपण शेवटी. आडोशाला विकतचं काहीही लागत नाही. पुठ्ठ्याचे खोके उलटे टाकायचे पण प्रत्येकाला दोन दारं कापायची, हे महत्त्वाचं, कारण एकाच दाराच्या खोक्यात एक जण शिरला आणि दुसरा दारात येऊन बसला की आतला कोंडला जातो आणि मग दातांची करकर नि मारामारी. जितके प्राणी त्यापेक्षा एक खोका जास्त ठेवा. खोक्याला चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना असतील तर आधी काढून टाका कारण पुठ्ठा कुरतडला जाणारच आहे, त्यांचे दात जन्मभर वाढत असतात. दोन खुर्च्यांच्या पायांवर टाकलेली चादर, जुन्या पँटचा कापलेला पाय बोगदा म्हणून (आमच्याकडचं सर्वात लोकप्रिय खेळणं हेच आहे, माझी चांगली पँट होती ती), सगळं चालतं. खोके असे मांडायचे की एकातून दुसऱ्यात जायला दोन-तीन फूट पळावं लागेल. अंतर फार ठेवलं तर जात नाहीत, अगदी खेटून ठेवले तर पळत नाहीत. थोडं पुढेमागे करून बघायचं.

जमिनीचं प्रकरण मोठं आहे. गुळगुळीत फरशीवर त्यांचे पाय फाकतात, घसरतात, आणि घसरणारा प्राणी पळत नाही, हे आमच्या पहिल्या फजितीचं दुसरं कारण. उलट तारेच्या जाळीवर, म्हणजे तुमच्या फोटोतल्यासारख्या, तळव्यांना जखमा होऊन पाय सुजतात आणि ते दुखणं लवकर बरं होत नाही. गालिच्याच्या धाग्यांत नखं अडकतात. लहान मुलांच्या फोमच्या जोडाजोडीच्या चटया दिसायला छान पण त्या कुरतडून गिळल्या तर पोटात अडकायची भीती, उघड्या ठेवू नका. आम्ही शेवटी असं केलं की सगळ्यात खाली प्लास्टिकची चादर, त्यावर शू शोषायला जुने टॉवेल किंवा जाड सुती कापड, आणि वर फ्लीसचं, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं ब्लँकेट. फ्लीसमधून ओल खाली उतरते आणि वरचा भाग बऱ्यापैकी कोरडा राहतो, मात्र नवीन फ्लीस दोन-तीनदा धुतल्याशिवाय ओल सोडत नाही, आणि धुताना सॉफ्टनर टाकलं की परत बिघडतं. कडा विटेखाली दाबा नाहीतर दोघी ब्लँकेटच्या खाली जाऊन बसतात आणि आपण वरून पाय देतो की काय अशी धास्ती.

आता प्रश्न येतो घाणीचा, ज्याच्यावरून घरात भांडणं होतात. गिनी पिग दिवसाला शंभराच्या पुढे लेंड्या टाकतो, त्याला माझा इलाज नाही, पण त्या कोरड्या असतात, ब्रशनं सुपलीत भरल्या की झालं. आणि एक युक्ती आहे, तो खाता खाता टाकतो. वाळलेल्या गवताचा मोठा ढीग एका उथळ ट्रेमध्ये कोपऱ्यात ठेवला, वरून अर्धवट छप्पर केलं, की निम्म्याहून जास्त कारभार त्या ट्रेमध्येच उरकतो. गवत तसंही प्लेपेनमध्ये पाहिजेच, त्याचं मुख्य जेवण तेच आणि पोट सतत चालू राहावं लागतं. पाण्याची बाटलीही तिथेच अडकवा. कधी कधी तो मान खाली घालून स्वतःच्याच बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खाताना दिसेल, किळस करू नका, मऊ लेंडी परत खाऊन त्यातलं पोषण घेणं हे त्याच्यासाठी नॉर्मल आहे.

कुंपणाबद्दल थोडक्यात. बारा ते पंधरा इंच उंची बहुतेकांना पुरते, हे काही मांजरासारखे चढत नाहीत. पिल्लं असतील तर जाळीची भोकं बारीक हवीत, पिल्लू जन्मतःच डोळे उघडे, अंगावर केस, पळायला तयार असतं आणि डोकं जाळीत अडकवून घेतं. घडीचे तुकडे एकमेकांना केबल टायनं बांधा. घरात कुत्रा-मांजर असेल तर वरून जाळी लावूनही भागत नाही, खोलीचं दार बंद पाहिजे, कारण कुत्रा नुसता बाहेरून हुंगत बसला तरी आतल्यांची पाचावर धारण बसते. शिवाय कुत्रा किंवा ससा ज्या जंतूमुळे स्वतः आजारी दिसतही नाही त्याच जंतूनं गिनी पिगला न्यूमोनिया होऊ शकतो. चार्जरच्या वायरी कुंपणापासून हातभर लांब, कुंपणाला टेकून पण नाही, ओढून आत घेतात. मनीप्लांट, लिली, डिफेनबेकियाच्या कुंड्या पण लांब. आणि खिडकीतलं ऊन फिरत फिरत दुपारी प्लेपेनवर येतं का ते एकदा बघून ठेवा, १८ ते २४ अंश त्यांना बरं वाटतं, २७-२८ च्या वर गेलं की उष्माघाताची भीती.

जागा नाही म्हणणाऱ्यांसाठी, पलंगाखालची जागा! आपल्याला जी अडगळ वाटते ते त्यांचं आयतं छप्पर. तिथून पुढे चार बाय चार फुटांचं अंगण काढलं तरी संध्याकाळी आणि सकाळी, जेव्हा ते जास्त तरतरीत असतात, तेव्हा मस्त फेऱ्या होतात. पण प्लेपेन आहे म्हणून पिंजरा लहान चालेल असं होत नाही हां, दोघांना राहायलाच कमीत कमी साडेसात चौरस फूट लागतात आणि दहा असले तर बरं.

आणि दोघांना म्हणतोय, एकाला नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांनुसार गिनी पिग एकटा ठेवायला बंदीच आहे. एकट्याला कितीही खोके दिले तरी तो एकाच खोक्यात बसून राहतो, कारण बाहेर सगळं ठीक आहे हे सांगणारं कोणी नसतं. आमच्याकडे ठकी आधी बाहेर येते, ढमी तिच्या शेपटीला (शेपूट नसते पण तुम्हाला कळलं) नाक लावून मागे. चाकाचं म्हणाल तर त्याचा कणा तसा वाकण्यासाठी नाहीच, हॅमस्टरचं चाक गिनी पिगला दिलं तर पाठ दुखावते.

खेळ संपल्यावर मात्र हातानं पाठलाग करून पकडू नका, एवढी कमावलेली धिटाई एका मिनिटात जाते. वरून येणारा हात म्हणजे परत घारच. आम्ही ढोबळी मिरचीचा तुकडा पिंजऱ्याच्या दारात धरतो, प्लास्टिकची पिशवी वाजली तरी दोघी शिट्ट्या मारत हजर. मिरचीत सी जीवनसत्त्व भरपूर आणि ते आपल्यासारखंच त्यांच्या शरीरात तयार होत नाही, १९०७ मध्ये नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांना प्राण्यामध्ये पहिल्यांदा स्कर्व्ही (सी जीवनसत्त्व कमी पडल्यानं होणारा रोग) दिसला तो गिनी पिगमध्येच. तेव्हा लाच पण झाली आणि औषध पण. लहान मुलांनी उचलून घेण्यापेक्षा प्लेपेनमध्ये जमिनीवर मांडी घालून बसावं, मांडीवरून ते आपोआप चढून जातात, आणि हातातून पडले तर हाडं मोडतात.

पुरवणीत पुन्हा कधी हा विषय आला तर चाकाचा फोटो तेवढा काढून टाका आणि दोन दारांचा एक खोका दाखवा ही विनंती. फोटो नसेल तर आमच्या दोघींचा पाठवतो, फक्त त्यात बहुतेक वेळा चादरच दिसेल.

आपला,
एक नियमित वाचक