मे महिन्यातला धबधबा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतले ‘एका दिवसात राजापूर’ हे सहलीचे टिपण वाचले. जागांची नावे बरोबर आहेत, एवढ्याबद्दल आभार. बाकी त्या यादीने निघणाऱ्या माणसाच्या नशिबी ऊन आणि कोरडी कुंडे.

धूतपापेश्वराच्या देवळाजवळचा धबधबा मे महिन्यात पाहायला सांगितला आहे. मृडानी नदीला तेव्हा पाणीच नसते. तो पाहायचा श्रावणात, तेही शेवाळलेल्या दगडांवर न उतरता. राजापूरच्या गंगेचेही, म्हणजे अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्याचेही, तसेच. साधारण तीन वर्षांनी येते हा जुना ठोकताळा, आणि अलीकडे ती तोही पाळत नाही. गंगा आली आहे का, हे आधी विचारूनच निघावे. आली असेल तर उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर आंघोळ, मग वर गंगेची चौदा कुंडे, आणि तिथले पाणी धूतपापेश्वराला, असा क्रम. लेखात तो नेमका उलटा आहे.

पण खरा संताप ‘टीप’ म्हणून दिलेल्या चौकटीचा. कातळशिल्पे, म्हणजे उघड्या खडकात कोरलेली जुनी चित्रे, नीट दिसत नसतील तर खडूने रेघा भरून फोटो काढा म्हणे! महोदय, ती दिसत नाहीत कारण आपण दुपारी बाराची वेळ दिली आहे. जांभ्या दगडातली खोदाई उथळ. ऊन डोक्यावर आले की सावलीच पडत नाही आणि सगळा सडा, म्हणजे कातळाचे पठार, सपाट वाटतो. सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर ऊन तिरपे झाले की बारसू गावच्या शिल्पातला दोन वाघांमधला माणूस आपोआप उठून दिसतो. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गवतात हरवतो. दिवाळीनंतर गवत वाळले की जावे. जांभा सच्छिद्र, त्यामुळे खडूची पूड भोकांत बसते. ती काढायला घासले की खोदाईच्या कडा झिजतात. चपला घालून चालल्यानेही तेच होते. देवाचे गोठणे या गावी होकायंत्र न्यावे. तिथल्या चित्राजवळ सुई भरकटते. खडूपेक्षा ही गंमत बरी, आणि दगडाला इजाही नाही.

या शिल्पांना ‘जागतिक वारसा’ हा दर्जाही आपणच बहाल केलात. 2022 मध्ये कातळशिल्पांची नऊ ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यातले फणसामळ गोव्यातले. यादीत नाव लागणे आणि दर्जा मिळणे यातला फरक आपल्या कार्यालयात कुणाला तरी ठाऊक असेल. बारसूच्या मजकुरावर छायाचित्र मात्र कशेळीच्या हत्तीचे आहे. कशेळी आडिवऱ्याच्या वाटेवर. महाकाली आणि कनकादित्य ही देवळे आणि तो हत्ती यांना स्वतंत्र दिवस लागतो. जेवणानंतरच्या ‘फेरफटक्यात’ ते बसत नाहीत.

जाता जाता: ‘राजापूर रोड’ स्टेशनावरून बाजारपेठ चालत दहा मिनिटांवर आहे, असे छापले आहे. अंतर 15 किलोमीटरहून जास्त आहे. ती दहा मिनिटे कुणाच्या पायांनी मोजली, तेवढे कळवावे.

– एक वाचक, राजापूर