गुरुवारच्या शास्त्राभ्यासाची आठवण : कृपादाने

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, जय ख्रिस्त!

येत्या गुरुवारी संध्याकाळी ७ वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे. विषय कृपादाने, म्हणजे मंडळीच्या सेवेसाठी पवित्र आत्मा प्रत्येकाला देतो ती दाने. बायबलमधले करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १२ ते १४ घरून वाचून या. प्रीतीवरचा १३वा अध्याय लग्नात वाचला जातो म्हणून वेगळा काढू नका. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तो कृपादानांच्या ऐन चर्चेत घातला आहे, आणि करिंथच्या मंडळीत अन्य भाषांवरून (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्यावरून) जो गोंधळ चालला होता तो पाहता त्याची गरजही होती.

मागच्या वेळी बहुतेकांनी “माझ्याकडे कसलं दान?” म्हणून हात झटकले. सभा संपल्यावर खुर्च्या उचलणारे, आजाऱ्यांची चौकशी करणारे मात्र तेच! रोमकरांस १२:६-८ उघडून बघा. तिथे संदेश आणि शिक्षणाच्या ओळीतच सेवा, दानधर्म आणि दयाही आहे. १ करिंथ १२:२८ मध्ये तर इतरांना साहाय्य करणे हेही नोंदले आहे.

एक काम करा. मंडळीतल्या दुसऱ्या कोणात कोणते दान दिसते ते चिठ्ठीवर लिहून आणा. स्वतःबद्दल नको. रविवारशाळा आणि रुग्णभेटीसाठी माणसे हवीत, त्याचेही तेव्हाच ठरवू.

वह्या आणा. चहा आहेच.