पाशा हे आडनाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील तुर्कस्तानवरचा लेख माहितीपूर्ण होता, परंतु त्यात आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा केमाल यांच्याविषयी 'पाशा घराण्यात जन्मलेला केमाल' असा उल्लेख आहे आणि पुढे ठिकठिकाणी 'पाशा यांनी' असे लिहिले आहे, त्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक वाटते.

असा समज आपल्याकडे सहज होतो. देशमुख, कुलकर्णी, चिटणीस ही मुळात हुद्द्यांची नावे. काम गेले तरी नातवंडा-पतवंडांनी नाव सोडले नाही. उस्मानी (ऑटोमन) तुर्की साम्राज्यातील 'पाशा' ही मात्र सुलतानाने वजीर, प्रांताधिकारी किंवा सेनापती अशा व्यक्तीला दिलेली पदवी होती. ती नावानंतर जोडली जाई आणि मुलाकडे वारशाने जात नसे. जुन्या काळी पाशांमध्येही पायऱ्या असत व त्या घोड्याच्या शेपटीवरून मोजत: काठीला बांधलेल्या तीन शेपट्यांचे निशाण वजिरापुढे चाले, दोन शेपट्यांचे त्याखालच्या पाशापुढे. आपल्याकडील जरीपटक्याच्या मानासारखाच हा प्रकार, फक्त मोजदाद अधिक काटेकोर.

केमाल यांच्या घरातच ही उतरंड दिसते. वडील अली रझा सेलानिक (आजचे ग्रीसमधील थेस्सालोनिकी) येथे जकात खात्यात कारकून होते आणि पुढे लाकडाच्या व्यापारात पडले. त्यांना 'एफेंदी', म्हणजे साधारण आपल्या 'साहेब'सारखे, म्हणत. मुलगा सैन्यात अधिकारी झाला तेव्हा 'मुस्तफा केमाल बे' झाला. हा 'बे' म्हणजे आपल्या परिचयाचा 'बेग', ज्याचे स्त्रीरूप 'बेगम' मराठीतही रुळले आहे. १९१५ साली पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या लढाईत ते कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते, म्हणजे तेव्हाही 'बे'च; सेनापतीचा दर्जा आणि त्याबरोबर 'पाशा' ही पदवी त्यांना १९१६ मध्ये मिळाली. त्यामुळे 'केमाल पाशाने गॅलिपोली राखली' हे वाक्य कानाला कितीही ओळखीचे वाटले, तरी काटेकोरपणे पाहता चूक आहे. 'केमाल' हेही आडनाव नव्हे. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी दिलेले ते दुसरे नाव, असे सांगतात.

आडनावे तुर्कस्तानात आली ती जून १९३४ च्या कायद्याने, आणि त्या कायद्याने हुद्दा किंवा पद दर्शवणारा शब्द आडनाव म्हणून घेण्यास चक्क मनाई केली. आपल्याकडे तसा नियम असता, तर अर्ध्या महाराष्ट्राला नवी आडनावे शोधावी लागली असती! त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला केमाल यांना 'अतातुर्क' हे आडनाव देण्यात आले आणि दोनच दिवसांनी एफेंदी, बे व पाशा या पदव्या कायद्याने रद्द झाल्या. सेनापतींना यापुढे जनरल आणि नौदलात ॲडमिरल म्हणावे असे ठरले. बोलण्यातून मात्र लोकांनी 'पाशा' सोडला नाही. इजिप्तमध्येही ही पदवी १९५२ च्या क्रांतीनंतर रद्द झाली, तरी कैरोत गिऱ्हाइकाला किंवा पोलिसाला खूश करण्यासाठी 'या बाशा' (अरबीत 'अहो पाशा') अशी हाक आजही मारली जाते.

लेखातील केमाल यांचे सहकारी इस्मत यांच्या छायाचित्राखाली 'इस्मत पाशा इनोनू' असे छापले आहे. 'इनोनू' हे त्यांना १९३४ मध्ये मिळालेले आडनाव. छायाचित्र आपणच दिल्याप्रमाणे १९२३ चे असल्याने तेथे नुसते 'इस्मत पाशा' हवे होते. 'पाशा घराणे' या उल्लेखासोबत ही दुरुस्तीही पुढील अंकात प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर